मुखी सहस्रनाम, कानी कोमट पाणी

उजव्या कानात नाद सुरू झाला तेव्हा मी तो कोणाला सांगितला नाही. याचे कारण भय नव्हते, विनय होता. ज्या परंपरेत मी वाढलो तिच्यात आघातावाचून उमटणाऱ्या आतल्या नादाची थोरवी फार सांगितली आहे. साधक त्याची आयुष्यभर वाट पाहतात आणि बहुतेक जण तो न ऐकताच जातात. मला तो एका सकाळी संध्येच्या आसनावर ऐकू आला. बारीक, अखंड, दूरच्या शेतात रातकिडे किरकिरावेत तसा. त्यानंतरचे काही महिने मी लोकांशी अधिक मृदूपणे बोलत असे. ज्याच्यावर कृपा झाली आहे त्याने इतरांना आपल्यासमोर अवघडल्यासारखे वाटू देऊ नये, एवढा शिष्टाचार मला ठाऊक होता.

त्याच कानाने टेलिफोनवरचे बोलणे ऐकू येईनासे झाले. हेही मी शास्त्राला धरूनच आहे असे मानले. बाहेरचे कमी होत होते आणि आतले वाढत होते; आणखी काय हवे? शिवाय कान उजवा होता. उजव्या कानात देवतांचा आणि तीर्थांचा वास असतो म्हणून आम्ही अशुचि प्रसंगी जानवे त्याच कानावर ठेवतो, आचमनाला पाणी नसेल तर त्याच कानाला हात लावून शुद्ध होतो. नादाने यावे तर याच दाराने यावे, हे मला सर्वथा योग्य वाटले.

माझ्या पत्नीला ते तसे वाटले नाही. "तुम्हाला उजवीकडून हाक मारली की तुम्ही डावीकडे बघता," ती म्हणाली. "आणि हे उपरण्याला रोज चुना कुठून लागतो? फक्त उजव्या खांद्याला?"

चुना देवळातला होता. बरकतपुऱ्यात आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मराठी कुटुंबांनी पूर्वी बांधलेले रामाचे देऊळ आहे. त्याच्या गाभाऱ्याभोवतीची प्रदक्षिणेची वाट अरुंद असून तिला खिडकी नाही आणि विजेचा दिवाही नाही. दिवा नसणे हे पावित्र्याचे लक्षण आहे असे विश्वस्त सांगतात. खरे कारण असे की कोणता दिवा लावावा यावर त्यांचे आजवर एकमत झालेले नाही. संस्कृतच्या प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यापासून मी काकडआरतीला जातो आणि आरतीनंतर त्या अंधारात सहस्रनाम म्हणत प्रदक्षिणा घालतो. दिवसभरात माझ्या हातून इतर जे काही घडते त्याचे मोल मला फारसे वाटत नाही. ही वाट मात्र माझी आहे. अलीकडे प्रदक्षिणा घालताना माझा उजवा खांदा गाभाऱ्याच्या भिंतीला घासू लागला होता. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो. आपण देवाकडे झुकत चाललो आहोत, याहून वेगळा अर्थ त्यातून काढण्याचे मला सुचले नाही.

कानाच्या डॉक्टरांना तो सुचला. त्यांनी कान तपासले, मग डोक्याचे चित्र काढून आणायला सांगितले, आणि त्या चित्रात उजव्या कानाच्या आत, मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर, वाटाण्याएवढी गाठ दाखवली. ही नस ऐकणे आणि तोल ही दोन्ही कामे सांभाळते. गाठ कर्करोगाची नाही, ती सावकाश वाढते, काही वेळा वाढतही नाही, घाबरण्याचे कारण नाही. डॉक्टर तेलुगू होते, वयाने माझ्या शेवटच्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान, आणि सभ्य. मी त्यांना भीतभीत विचारले, "आणि तो नाद?"

"गाठीमुळेच, सार. सगळ्यांना येतो."

सगळ्यांना येतो, हे शब्द मला गाठीपेक्षा अधिक लागले.

सोबत माझा मुलगा होता. तो कोंडापूरला एका उंच इमारतीत राहतो आणि संगणकाच्या क्षेत्रात असे काही काम करतो की ज्याचे वर्णन तो मला दर दिवाळीला नव्याने करतो आणि मी दर दिवाळीला नव्याने विसरतो. त्याने लगेच विचारले, "डॉक्टर, ह्यांनी पहाटे अंधारात एकट्यानं देवळात जाणं सेफ आहे का?"

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. माणूस तोल सांभाळतो तो डोळ्यांनी, पायांखालच्या जमिनीने आणि दोन्ही कानांतल्या तोलाच्या यंत्रांनी. गाठ इतकी सावकाश वाढते की एका कानातले यंत्र मंदावत गेले तरी मेंदू दुसऱ्या कानावर भागवायला शिकतो आणि रोग्याला चक्कर अशी जाणवतही नाही. एक कान धड असला तर अंधारातही माणूस बऱ्यापैकी चालतो. दोन्ही कान गेले असतील तर उजेड आहे तोवर ठीक, दिवा गेला की माणूस खाली. पुढे कधी शस्त्रक्रिया करावी लागली तरी तिच्याआधी हेच पाहावे लागते. तेव्हा तोलाची तपासणी करून घ्या. काय ते तिच्यावरून ठरवू.

"ठरलं तर," मुलगा म्हणाला. "टेस्ट चांगली आली तर जा बाबा, मी काही बोलणार नाही. वाईट आली तर पहाटेचं देऊळ बंद. आणि तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला या."

मी कबूल केले. ज्याने तर्कशास्त्र शिकवले आहे त्याला असा स्वच्छ पक्ष नाकारता येत नाही.

तपासणीचा दिवस एकादशीचा निघाला. पोट रिकामे हवे, चहा-कॉफी नको, झोपेची किंवा चक्करेची गोळी नको अशा सूचना आल्या होत्या. त्यांतली एकही मला नवी नव्हती. इस्पितळाच्या दर्शनी भागात संगमरवरी गणपती होता आणि त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाला मागचा रक्षक "लाइन में आओ" असे सांगत होता. देवाच्या दारी रांग असते हे मी पाहिले होते. देवाला रांगेत अडथळा ठरताना प्रथमच पाहिले.

तपासणी करणारी मुलगी जुन्या शहरातली होती. डोक्याला निळा रुमाल, बोलणे दखनी, हात हलके. तिने मला प्रथम एका पांढऱ्या खुणेवर उभे केले, हात पुढे करायला सांगितले आणि म्हणाली, "चाचा, आँखां बंद करके जगे पे चलते रहो. आगे नक्को जाव."

मी सवयीने पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो होतो. डोळे मिटून जागच्या जागी पावले उचलत राहिलो. आपण खांबासारखे सरळ आहोत याबद्दल माझ्या मनात यत्किंचितही शंका नव्हती. डोळे उघडले तेव्हा माझे तोंड दक्षिणेकडे होते.

"कौनसी साइड खराब है बोलके मालूम हो जाता," ती समाधानाने म्हणाली. "उधर घूम जाते लोगां."

दक्षिण ही यमाची दिशा आहे हे मी तिला सांगितले नाही. मुलगा खुर्चीत बसून ते सर्व मोबाइलमध्ये टिपत होता, आणि यम त्याला आणखी एक मुद्दा म्हणून चालला असता.

पुढची तपासणी मान झटकन वळवून करतात. आयुष्यभर पोथीवर वाकून माझ्या मानेचे मणके एकमेकांना धरून बसले आहेत. तिने मान हातात घेतली, हलवून पाहिली आणि जिथल्या तिथे ठेवली. "ये नक्को, चाचा. गर्दन टूट जाती." आवाज ऐकवून मानेचे स्नायू पाहण्याची एक तपासणी होती, तिचा माझ्या वयात भरवसा नसतो, असे मुलगी म्हणाली. उरली पाण्याची. निर्णय तिच्यावर येऊन ठेपला.

ही तपासणी मुळात फार साधी आहे. रोग्याला उताणे निजवतात, डोके किंचित उंच. डोळ्यांवर काळा चष्मा बांधतात. त्याच्या आत मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात डोळे टिपणारा कॅमेरा. मग एका कानात कोमट पाण्याची धार, नंतर दुसऱ्या कानात. पुढे तेच गार पाण्याने. कानाचे यंत्र जिवंत असेल तर पाण्याच्या उष्णतेने ते फसते आणि शरीर फिरते आहे असे मेंदूला कळवते. मग डोळे आपोआप एका बाजूला सरकतात आणि झटका देऊन परत येतात, पुन्हा सरकतात, पुन्हा परत येतात. हे सर्व माणसाच्या इच्छेवाचून होते. कान मेला असेल तर डोळे स्वस्थ.

एकच अट असते. माणसाचे मन जागे हवे. मन पेंगले तर डोळेही थांबतात आणि जिवंत कान मेलेला दिसतो. म्हणून पाणी घातल्यानंतर रोग्याला बोलते ठेवतात. गावांची नावे, उलट मोजणी, असे काही.

"चाचा, पानी डाले बाद कुछ तो बी बोलते रहो. दिमाग चालू होना. सोना नक्को."

मी विचारले, "सहस्रनाम म्हणू का? देवाची हजार नावे आहेत."

"हजार?" तिच्या आवाजात खरा आदर आला. "सब याद है? बिना देखे?"

"बालपणापासून."

"तो फिर वोइच बोलो चाचा. उससे बढ़के दिमाग का काम क्या होता."

तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. न अडखळता इतके जोडाक्षरी शब्द ज्याच्या मुखातून येत आहेत त्याचा मेंदू घाम गाळत असणार, असे कोणालाही वाटेल. तिला संस्कृत येत नव्हते. मला येत होते, आणि मलाही तेच वाटले.

डाव्या कानात कोमट पाणी आले. मी म्हणायला लागलो. थोड्याच वेळात पाठीखालचा पलंग होडीसारखा हेलावला. पूजेला बसल्यावर पाठीला खाज येते, पाय बधिर होतो, शेजारी मिक्सर सुरू होतो. त्यांकडे पाहायचे नाही हे मी लहानपणी शिकलो आहे. होडीकडेही मी पाहिले नाही. नामात अधिक खोल गेलो आणि होडी थांबली. उजव्या कानाच्या वेळी होडी आलीच नाही. गार पाण्याच्या वेळी तर मी आणि नाम एवढेच उरलो होतो.

"चक्कर आई, चाचा?"

"विशेष नाही," मी म्हणालो. त्या स्वरातला अभिमान मुलाला ओळखू आला असावा, कारण तो खाकरला.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. उजवा कान मेलेला. त्याची अपेक्षा होती. पण डावाही जवळजवळ मेलेला. "वयाने होते कधी कधी," ते म्हणाले. "चालताना दुकानांच्या पाट्या हलल्यासारख्या दिसतात का, सार?"

"मी चालताना पाट्या वाचत नाही. खाली पाहून चालतो."

"मग कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आता अंधारात एकट्याने जायचे नाही. बाथरूममध्ये दिवा चालू ठेवा."

घरी परतताना गाडीत मुलगा फार प्रेमाने बोलला. जिंकलेला माणूस प्रेमळ असतो.

पुढचे दिवस मी सन्मानाने घालवले असे म्हणतो. न्हाणीघरात स्टीलच्या दांड्या बसल्या. मुलाने काठी आणली. तिला दिवा होता, घंटा होती, आणि ती जमिनीवर आडवी पडली की कोंडापूरला त्याचा मोबाइल ओरडे. ती मी दाराआड टेकवून ठेवत असे आणि ती घसरून पडत असे, त्यामुळे मुलाशी माझे बोलणे पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले.

लोकही आले. विद्यानगरहून माझे मेहुणे आले; ते निवृत्त वकील असून कोणत्याही रोगाच्या दोन्ही बाजू मांडू शकतात. त्यांनी कानात लसणाचे तेल घालावे हे पटवून दिले आणि उठताना घालू नये हेही पटवून दिले. देवळाचे चिटणीस आले. ते एकेकाळी सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि सहानुभूतीसुद्धा टिपणी लिहावी तशी व्यक्त करतात.

"आपल्या गैरसोयीचा समितीने विचार केला," ते म्हणाले. "आपल्यासाठी सभामंडपात प्लास्टिकची खुर्ची कायम राखून ठेवण्यात येईल. सकाळी नऊनंतर केव्हाही यावे. शिवाय काकडआरती आता मोबाइलवर थेट दाखवतो आम्ही. घरबसल्या."

"आणि प्रदक्षिणा?"

"ती मनाने घालावी. मनाने घातलेली अधिक पावते म्हणतात."

"मग त्या वाटेत दिवा लावला तर?"

चिटणीसांनी माझ्याकडे खेदाने पाहिले. "तो विषय पटलावर आहे," ते म्हणाले.

पहाटे मी नेहमीप्रमाणे उठत असे, स्नान करत असे आणि खिडकीशी उभा राहत असे. काचीगुड्याकडून आगगाडीची शिटी यायची, दूधवाल्याची मोटारसायकल जायची, आणि मग देवळातली घंटा, फक्त डाव्या कानाने. मोबाइलवर आरती पाहिली. पुजारी पाठमोरे होते आणि खालून अंगठे वर जात होते. एकदा माझाही अंगठा लागला; कोणाला काय कळवले गेले ते मला अजून ठाऊक नाही. कोंडापूरला सुनेने आमच्यासाठी खोली रिकामी केली होती, पूर्वेला तोंड येईल असा देव्हारा केला होता. ती मनाने फार चांगली आहे. चौदाव्या मजल्यावरून सूर्य आधी दिसतो, असेही तिने मला सांगितले.

एका सकाळी मी देवघरात सहस्रनाम म्हणून उठलो आणि बाहेर आलो, तर पत्नी स्वयंपाकघराच्या दारात हातात रिकामे पातेले घेऊन उभी होती.

"मांजर आलं होतं," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या पुढे. नैवेद्याचं दूध पिऊन गेलं. तुमच्या मांडीला घासून गेलं. मी इथून बघत होते."

"मग हाकलायचे नाही का?"

"मला बघायचं होतं." तिने पातेले खाली ठेवले. "काय हो, त्या मुलीनं पाणी घालताना तुम्हाला काय म्हणायला सांगितलं होतं?"

"मन जागे राहावे म्हणून काहीही म्हणा म्हणाली. मी सहस्रनाम म्हटले."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग भिंतीला टेकून हसू लागली. आवाज न करता, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. आमच्या लग्नाला अर्धशतक होऊन गेले आहे. तिचे हे हसणे मी फार थोड्या वेळा पाहिले आहे आणि त्या प्रत्येक वेळी त्याचे कारण मीच होतो.

"अहो, सहस्रनाम म्हणताना तुम्ही जागे असता असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्याला एकाग्रता म्हणतात."

"असेल. कुकरची शिट्टी उडून छताला लागली होती, तेव्हाही एकाग्रता. धाकट्या मुलीला मागणी घालायला माणसं येऊन बसली, तुम्ही देवघरातून 'बसा' म्हणालात आणि नंतर विचारलंत कोण आलं होतं, तेव्हाही एकाग्रता. एकाग्रता का झोप, ते देवाला ठाऊक. मला आपलं दूध गेलेलं ठाऊक. ती मुलगी म्हणाली मन जागं पाहिजे, आणि तुम्ही तिच्यासमोर जाऊन गाढ झोपलात. कानाचा काय दोष?"

मी तिला बरेच मोठे उत्तर दिले. लय आणि निद्रा यांत आचार्यांनी केलेला भेद सांगितला. तिने तो पूर्ण ऐकून घेतला, आणि मी थांबल्यावर मुलाला फोन केला.

मुलाला हे मुळीच आवडले नाही. "आई, मशीन आहे ते. मशीनला काय माहीत ते काय म्हणतायत?"

"तेच तर म्हणते मी. मशीनला माहीत नाही. मला आहे. परवा गाडी घेऊन ये."

डॉक्टरांनी मात्र तिचे बोलणे ऐकले आणि हातातले पेन खाली ठेवले. पाठ असलेले म्हटले तर असे होऊ शकते, ते म्हणाले. मनाला त्यात कष्ट पडत नाहीत. हे त्या दिवशी आपणच विचारायला हवे होते. तपासणी पुन्हा करू. "पण या वेळी प्रश्न कठीण हवेत. सारना काय कठीण जाते?"

"मी विचारते," पत्नी म्हणाली.

मुलीने तिच्यासाठी पलंगाशेजारी स्टूल ठेवले. चष्मा बांधला गेला, काळोख झाला, डाव्या कानात कोमट पाणी आले आणि त्या काळोखातून माझ्या पत्नीचा आवाज आला.

"काल रात्री भाजी कोणती होती?"

मी विचारात पडलो. पलंग हेलावला.

"बोला की. खाल्लीत ना?"

"भेंडी."

"भेंडी तुम्हाला चालत नाही म्हणून वर्षभर केली नाही. पुढचं. डाळीचा डबा कोणत्या फळीवर असतो?"

"मधल्या."

"स्वयंपाकघरात मधली फळी नाही. सुनेच्या आईचं मागच्या महिन्यात कशाचं ऑपरेशन झालं?"

पलंग आता हेलावत नव्हता. तो फिरत होता. मी दोन्ही हातांनी कडा धरल्या. इतक्या वर्षांत इतक्या जोराने काही आठवायचा प्रयत्न मी केला नव्हता, आणि काही आठवत नव्हते.

"गुडघ्याचे?"

"डोळ्याचं. तुम्ही त्यांना भेटायला गेला होतात. काळा चष्मा घालून बसल्या होत्या. मी आत्ता कोणत्या रंगाची साडी नेसले आहे?"

"अगं, मला दिसत नाही."

"येताना शेजारी बसले होते गाडीत."

"भागतैं आँखां," मुलगी आनंदाने म्हणाली. "देखो डाक्टरसाब, कैसे भागतैं. चाची, बंद नक्को करो, पूछते रहो."

तिने बंद केले नाही. डाव्या कानाची दोन्ही पाणी होईपर्यंत मला माझ्या घरात कोणत्या रंगाचे पडदे आहेत, गॅस संपला की कोणाला फोन करतात आणि मुलगा कोंडापूरला नेमके काय काम करतो यांपैकी काहीही सांगता आले नव्हते. शेवटच्या प्रश्नाला अंधारात मुलगा पुन्हा खाकरला. मुलीने तत्परतेने माझ्या तोंडाशी भांडे धरले. एकादशी नव्हती आणि रिकाम्या पोटाची सूचना मी पाळली नव्हती, ते दिसून आले.

उजव्या कानाच्या वेळी प्रश्न तसेच होते, अज्ञानही तसेच होते, पण पलंग जागचा हलला नाही.

डॉक्टरांनी नवा कागद समोर धरला. डावा कान उत्तम आहे, माझ्या वयाला शोभणार नाही इतका. उजव्या बाजूचे यंत्र जवळजवळ संपले आहे, पण गाठीने ते इतक्या सावकाश संपवले की डोके त्याच्यावाचून चालायला शिकले आहे. पुढे कधी ती काढावी लागली तर नंतर गरगरण्याचा त्रासही कमी होईल. तूर्त काढायची गरज नाही. वर्षाने पुन्हा चित्र काढू.

"आणि देऊळ?" मी विचारले.

"जायचे, सार. पर्वालेदु, काही हरकत नाही. वाटेत बॅटरी घ्या. अंधारात उजवीकडे ओढ राहील, तेव्हा भिंतीला हात लावून चाला. आणि काही दिवस सोबत कोणीतरी असू द्या." मग, जरा हसून, "चालताना जागे राहा."

मुलगा सभ्य आहे. त्याने दिलेला शब्द पाळला. गाडीत मात्र नारायणगुड्याच्या सिग्नलला तो म्हणाला, "बाबा, मी क्लाउडवर काम करतो."

"ढगांवर?"

"घरी गेल्यावर सांगतो," तो म्हणाला, आणि त्याने खरोखरच सांगितले. या वेळी मी प्रश्न विचारले. त्याला आश्चर्य वाटले असावे, कारण तो जेवायलाही थांबला.

दुसऱ्या पहाटे मी देवळात गेलो. सोबत पत्नी होती. तिचा देव आठ वाजता कॉफीनंतर उठतो आणि काकडआरतीबद्दल तिचे मत फारसे चांगले नाही. पण डॉक्टरांनी सांगितले म्हणून ती शाल गुंडाळून आली. चिटणीसांनी माझी प्लास्टिकची खुर्ची राखून ठेवली होती. तिच्यावर मी माझी बॅटरी ठेवली.

आरती झाली. मी त्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिलो. आत नेहमीचाच काळोख होता आणि उजव्या कानात नेहमीचाच नाद होता. आता तो कोणाचा आहे हे मला ठाऊक होते. मी गाभाऱ्याच्या भिंतीला हात लावला. चुना थंड होता. पहिले नाम तोंडात आले आणि त्याच्यामागून पुढची नावे आपापल्या पायांनी चालू लागली, जशी ती नेहमी चालतात, मला न विचारता. पहिल्या कोपऱ्यावर ओढ लागली. भिंत जवळ येत असल्याचे खांद्याला कळले. मी थांबलो, पाऊल सरळ केले, आणि कोणत्या नामाशी आलो होतो हे मला सांगता येईना. सुरुवातीपासून घ्यावे लागले. या वेळी मी एकेक नाम हातात घेऊन, त्याचा अर्थ लावून, मग पुढचे पाऊल टाकले. तसे फार हळू चालावे लागते. त्यांतली काही नावे किती सुंदर आहेत हे मी विसरलो होतो.

मागून पत्नीचे पाऊल येत होते. दुसऱ्या कोपऱ्यापाशी माझा वेग पुन्हा वाढला असावा, कारण अंधारातून तिचा आवाज आला.

"काल भाजी कोणती होती?"

"दोडका," मी म्हणालो. "मीठ कमी होते."

तिचे पाऊल पुन्हा माझ्यामागे पडू लागले. आम्ही वळलो.